सपाट केलेला उतार

त्या फरशी बसवणाऱ्याला सगळे पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे काचेची ती नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की जमीन सपाट आहे असं समजायचं. ती कायम त्याच्या खिशात असे. कुणाकडे चहाला गेला तरी कप उचलण्याआधी ती टेबलावर ठेवून बघे. यजमान ओशाळत. तो म्हणे, "दोन मिलिमीटर. चालतंय." चालत नाही, हे त्याच्या तोंडावर दिसे.

अशा माणसाच्या पोटी उतारावरून सायकल सुसाट सोडणारी मुलगी जन्माला आली.

वस्तीबाहेरच्या टेकडीवर तिचा सराव चाले. दगड, झाडांची मुळं, आणि मधे दोन मोठ्या उड्या. साडेतीन वर्षांत बापाने तिला एकदाही खाली येताना पाहिलं नव्हतं. शर्यतीला तो न चुकता जाई. ती वरून सुटली की बुटाची नाडी बांधायला खाली वाके. बायको म्हणे, "अहो, बिननाडीचे बूट घालून काय नाड्या बांधताय?"

त्या वर्षी उतारावरच्या सायकल शर्यतींच्या संघात एकच जागा रिकामी होती. निवड समितीला वरपासून खालपर्यंतचा, मधे न तोडलेला व्हिडिओ हवा होता. मुदत महिनाअखेरची. मुलीने मैत्रिणीचा हेल्मेटवरचा कॅमेरा लावून पाहिला. त्यात रस्ता दिसला, ती दिसली नाही. फोनने लांबून काढलं तर ती मुंगी झाली, आणि चित्र जवळ ओढलं तर मुंगीचा डाग झाला.

"बाबा, चांगल्या झूमचा व्हिडिओ कॅमेरा लागेल. स्वस्तातला."

"माझ्यावर सोड."

तिने सोडलं.

पाणसळ जुने कॅमेरे विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कशासाठी हवाय?"

"सायकल. डोंगरावरून खाली."

"मग सेकंदाला साठ चित्रं काढणारा घ्या. कमी असली की पळत्या चाकाचा नुसता धूर दिसतो. आणि झूम भिंगाचा हवा. दुसरा झूम चित्र ताणतो फक्त."

"ताणून फरशी मोठी होत नाही," पाणसळ म्हणाला. बाईंना गिऱ्हाईक आवडलं. पुढचे नऊ दिवस तो रोज येणार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्याची अट एकच होती: कॅमेरा एका बाथरूमच्या मजुरीत बसला पाहिजे. बाईंनी दाखवलेला पहिला दोन बाथरूम आणि एका ओट्याचा निघाला. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. एकाची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकी. एकाच्या पडद्यावर उन्हात काहीच दिसेना. प्रत्येक कॅमेरा घेऊन तो दाराशी उभा राही, आणि रस्त्यावरच्या मोटारसायकलींच्या मागे फिरवून बघे.

बायको म्हणाली, "माझ्याशी लग्न ठरवायला तुम्हाला वीस मिनिटं लागली होती."

"त्या दिवशी पाणसळ घरी राहिली होती."

दहाव्या दिवशी त्याला हवा तो सापडला. कोपरा घासलेला, पण झूम वीस पटीचा, आणि हात थरथरला तरी चित्र न हलू देणारा. पाणसळने डोळ्यांपुढे ती टेकडी आणली आणि बटण दाबलं. चित्र जागचं हललं नाही.

"हात मुद्दाम हलवत होतात ना?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"माइक पण चांगला आहे हं याचा."

"आवाजाचं काय करायचंय?" म्हणत त्याने पैसे पुढे केले.

रविवारी तो समोरच्या डोंगरावर जाऊन बसला. एवढ्या लांब का, असं मुलीने विचारल्यावर म्हणाला, "झूम कशाला घेतलाय मग?" ती सुटली. तो वाकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला पूर्ण खाली येताना पाहिलं, तेही एक शब्द न बोलता. घरी आला तो छाती पुढे काढून.

टीव्हीवर व्हिडिओ लागला. मुलगी एका सपाट रस्त्यावरून निवांत डावीकडून उजवीकडे गेली. दोन्ही उड्या गतिरोधकाएवढ्या दिसल्या. मागे विजेचा खांब दारुड्यासारखा कलला होता.

"बाबा, हा खांब कधी कलला?"

"खांब सोड. तू बघ, कशी मधोमध आहेस."

"उतार कुठे गेला?"

त्याने समजावलं. फरशी बसवताना सगळ्यात लांब भिंतीला दोरी धरायची. इथे लांब रेघ उताराची होती. म्हणून त्याने कॅमेऱ्याची तिवईच एका अंगाला कलवली. कॅमेरा उतारावरून सरळ फिरला, सायकल चौकटीबाहेर गेली नाही.

"समितीला वाटेल मी भाजी आणायला निघालेय."

"तीही रमतगमत," आई म्हणाली.

मुलगी हसली नाही. "तुम्ही मुद्दाम केलंत?"

पाणसळ आपल्या हातांकडे बघत राहिला. "सपाट केल्यावर बघवलं," तो म्हणाला.

मुलीने टीव्ही बंद केला.

"शेवटची तारीख बुधवार आहे," ती म्हणाली. "बुधवारी सकाळी पुन्हा काढायचं. उतारासकट."

बुधवारी समोरच्या डोंगरावर त्याने तिवई सरळ उभी केली आणि पाणसळ कॅमेऱ्यावर आडवी चिकटवली. बुडबुडा मधोमध आला आणि पडद्यावर टेकडी ताठ उभी राहिली. आता कॅमेरा एकाच वेळी फिरवायचा आणि खाली झुकवायचा होता. पापणी लवली तर सायकल गेली. मुलगी सुटली. पहिल्या उडीला दोन्ही चाकं हवेत. दुसऱ्या उडीला चाकांखाली झाडाचा शेंडा दिसला. बुडबुडा मधेच होता. त्याचं स्वतःचं काहीच जागेवर नव्हतं.

मुलीने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर घाईत पाहिलं. उतार होता, ती होती. कॅमेऱ्याचा स्वतःचा स्पीकर बिघडलेला होता, त्यामुळे आवाज काही ऐकू आला नाही. दुपारी बाईंच्या दुकानातून तिने व्हिडिओ तसाच पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तिची निवड झाली होती. खाली आणखी दोन ओळी होत्या. आईने त्या मोठ्याने वाचल्या: "चित्रीकरण स्पष्ट असून उतार व्यवस्थित दिसतो. मात्र संपूर्ण तीन मिनिटं ‘ब्रेक लाव गं बाळा’ असं म्हणणाऱ्या गृहस्थांना सराव शिबिरात सोबत आणू नये."

मुलगी हसत हसत फरशीवर बसली. ती फरशी केसभरही वाकडी नव्हती.

पाणसळने पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं, नळीशेजारी.

"बाई म्हणाल्या होत्या," तो म्हणाला, "माइक चांगला आहे."