चुन्याची रेघ

दादा इतक्या पटकन ‘घे की’ म्हणाला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आम्ही दोघंच भावंडं. कागलजवळच्या शेतात मला माझा अर्धा वाटा पाहिजे, असं मी वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर सांगून टाकलं. मला वाटलेलं, आता वहिनी रडणार, भावकीतली म्हातारी माणसं बहिणीनं कसं वागावं ते मला शिकवणार. मी तयारीनिशी गेले होते. कोल्हापुरात कायदा शिकवते, भांडणाला भीत नाही. भीती वाटते ती गोड बोलणाऱ्याची. आणि दादा गोड बोलत होता.

“आपल्यात रीत हाय,” तो म्हणाला. “थोरल्यानं वाटण्या पाडायच्या, धाकट्यानं आधी उचलायची. मी पाडतो, तू उचल. मागं ऱ्हाईल ती माझी.”

यात खोट काढायला जागाच नव्हती. वर्गात समन्याय शिकवताना मी हीच रीत सांगते. नियम जिथं तोकडा पडतो तिथं न्यायबुद्धीनं जे करायचं, तो समन्याय. वाईट वाटणी आपल्याच गळ्यात पडेल हे पाडणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो लबाडी करत नाही. पोरांना हे फार आवडतं. मलाही आवडायचं.

आठवडाभर मी मंगळवार पेठेतल्या घरात धुसफुसत होते. नवरा म्हणाला, “अगं, सरळ माणूस आहे, सरळ वागतोय.” सरळ म्हणे. लहानपणी पत्त्यांतसुद्धा कधी सरळ खेळला नाही तो.

रविवारी शेतावर गेले. दादानं शेताच्या मधोमध आडवी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या वर रस्त्याला लागून नुसता मुरमाड, कोरडा माळ. रेघेच्या खाली काळी जमीन, विहीर आणि विहिरीला लागून दादाचा गोठा. वहिनी म्हशीची धार काढत होती. मी आले तरी तिनं मान वर केली नाही.

बांधावर उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विहीर उचलली तर म्हशी कोरड्या, डेअरीचं दूध बंद, आणि वहिनीशी जन्माचं वाकडं. म्हणजे मी विहीर उचलणार नाही हे दादाला पक्कं माहीत. माझी माया गृहीत धरून त्यानं ती रेघ मारली होती. रीत अगदी जशीच्या तशी पाळायची आणि माळ माझ्या पदरात टाकायचा. असा संताप आला मला. वर्गात मी घसा फोडून सांगते की समन्याय वरचं रूप बघत नाही, आतला हेतू बघतो. इथं हेतू चुन्यानं आखलेला होता.

“बघितलंस न्हवं?” दादा म्हणाला. “वरची घे. रोडला लागून हाय, झकास बंगला बांध.”

“विहिरीची घेते,” मी म्हणाले.

वहिनीचा हात थांबला. दादा हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

“चेष्टा करतीस व्हय?”

“न्हाय. तू पाडलीस, मी उचलली. रीत तूच सांगितलीस की.”

त्यानं म्हशींकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, “अगं, ईर सामाईक ठेवूया की. रेघ उभी मारू, वरनं खाली. दोघास्नी रस्ता, दोघास्नी काळी जमीन, पाणी दोघांचं.”

इतकं सोपं होतं, आणि ते त्याला आज सुचलेलं नव्हतं.

“आणि मी वरची उचलली असती तर?” मी विचारलं. “तर सामाईक म्हणाला असतास?”

आता लेकरांची शपथ घेईल असं मला वाटलं. तो पायानं चुना मातीत मिसळत राहिला.

“न्हाय,” तो म्हणाला. “गप बसलो असतो.”

त्या सगळ्या वाटणीत त्याचं हे एकच बोलणं मला खरं वाटलं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. मी चुन्याची बादली उचलली आणि उभी रेघ माझ्या हातानं मारायला घेतली.