धाब्यावरचं पाणी

पाऊस सुरू झाला की अजूनही आधी माझी कंबर दुखते. नव्वदच्या आसपास धुळ्यात आमचं घर धाब्याचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर आणि पाणी उतरायला पत्र्याच्या पन्हाळी. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही उपकार केल्यासारखं. प्यायला आणि धुण्याला पुरलं तर नशीब, अंगणातल्या झाडांना कोण विचारतो?

म्हणून आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, पन्हाळींखाली ड्रम ठेवले आणि अंगणात सिमेंटचा हौद बांधून घेतला. ड्रम भरला की बादलीने उपसून हौदात ओतायचा. कल्पना आबांची, बादल्या माझ्या. आमचे हे कामावर, आणि आबांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. भर पावसात गोणपाटाची खोळ घेऊन मी फेऱ्या मारायची.

हे सगळं एका कागदी लिंबासाठी. सासूबाई गेल्यावर आबांनी पाचोऱ्याकडची शेती भावाच्या स्वाधीन केली आणि ते आमच्याकडे आले. येताना ट्रंकेबरोबर एक रोप आणलं, सासूबाईंनी विहिरीवर लावलेल्या झाडाचं. सकाळचा चहा ते त्याच्याजवळच प्यायचे. मनातलं काही असेल तर त्यालाच सांगत असावेत, आम्हाला तर सांगत नसत.

हौद भरला, तरी लिंबू वाळायला लागलं. पानांच्या कडा करपल्या, मग शेंडे बोडके झाले. आबांना वाटलं, पाणी कमी पडतंय. "माय, आखो एक बादली टाक," म्हणायचे. मी टाकायची. जितकं पाणी घालावं तितकं झाड खंगायचं. मला त्या झाडाचा राग येऊ लागला होता. एवढं करून मरायचंच असेल तर मर एकदाचं, असं मनात यायचं.

पावसाने उघडीप दिली तेव्हा ड्रमच्या काठावर पांढरं पूट दिसलं. आबांनी ते नखाने खरवडून जिभेला लावलं आणि पायरीवर बसले.

"खारी," म्हणाले.

धाबं गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरतात. पांढरी, भुसभुशीत, चवीला खारट. तिच्यातून पाणी झिरपत नाही आणि तिच्यावर गवतही उगवत नाही. त्या वर्षी आबांनी स्वतः उभं राहून चांगली जाड पसरून घेतली होती. तिच्यावरून आलेलं पाणी आम्ही लिंबाच्या मुळाशी ओतत होतो. आबांचा जन्म धाब्याखाली गेला, पण गावी झाडांना विहीर होती. धाब्याचं पाणी कोणी कशाला साठवेल?

"आपलं झाड आपीनच मारी टाकं," एवढंच बोलले. त्या दिवशी जेवले नाहीत.

हौद रिकामा केला, तोही मीच. मुळाजवळची माती बदलली. उन्हाळाभर आबा आंघोळीच्या पाण्यातलं अर्धं झाडासाठी मागे ठेवायचे. पुन्हा खारी टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मनी खोलीवरली खारी काढी टाका. नवी टाकू नका."

त्यांची खोली मागच्या अंगाला, तिची पन्हाळ वेगळी; खारी नसली तर तेवढंच पाणी लिंबासाठी गोडं मिळणार होतं.

"मग गळेल ना, आबा. तुम्ही झोपणार कुठे?"

"आठेच. खाट सरकाई लिसू."

ह्यांनी समजावलं, मग चिडले. ऐकतील तर ते आबा कसले! त्या पावसाळ्यात खोली गळली. आबांची खाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे, मध्ये पातेलं. पातेल्यातलं पाणीही मी हौदातच टाकायची. पण लिंबाला पालवी फुटली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पहिली लिंबं धरली. आबांनी ती कोणाला तोडू दिली नाहीत.

त्या थंडीत आबा गेले. खरं सांगते, रडून झाल्यावर पहिला विचार आला तो बादल्यांचा. आता सुटले, असं वाटलं.

उन्हाळ्याच्या शेवटी खारी टाकायला माणूस आला. धाब्यावरून ओरडला, "अक्का, या मागच्या खोलीवर टाकू ना? आता कोणी अडवणारं नाही."

मी अंगणात लिंबाजवळ उभी होते. कंबर दुखत होती.

"नको," म्हटलं.

"गळेल की."

"गळू द्या."

मग खोलीत गेले आणि आबांची रिकामी खाट भिंतीकडे सरकवली.