जगूचं ‘नको’

जगू गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. होळी गावाहून रोज सकाळी येणारी ती, टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "तुमचे जगूभाऊ गेले काल. वाडीत पाणी लावत होते, तिथंच बसले ते..." मी म्हटलं, "आणि मला कोणी कळवलं नाही?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं बोलणं कुठे होतं?" खरंच होतं तिचं. शाळेपासूनचा मित्र, आणि गेली सहा वर्षं त्याचा मला एकच शब्द. चूक माझी होती. ती वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत केली, तिथंच आज महिन्याभराने कबूल करतोय.

जगू केळी आणि पानवेलींचा बागायतदार. महिन्यातला एक रविवार मात्र जंगलाचा. मी नोकरी सांभाळून सहलींवर लिहिणारा, त्याच्या मागे मागे जायचो. आधी आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जात असू. मग तिथं ट्रान्झिस्टर आले, पत्रावळींचे ढीग आले, माकडांना भजी घालणारे आले. एकदा ओढ्यात पातेली घासत बसलेल्या एका कुटुंबाला जगूने रेडिओ जरा हळू करायला सांगितलं. त्यातला एकजण उसळला, "जंगल काय तुझ्या बापाचं आहे?" परतताना जगू म्हणाला, "बरोबर बोलला तो. बापाचं असतं तर हाकलला असता." पुन्हा तो तिकडे फिरकला नाही.

मग त्याने आमच्याच गावाच्या पूर्वेच्या डोंगरात एक जागा हेरली. नाव लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं. माणसं वाटेतल्या एका देवळापर्यंत येत, त्यापुढे चिटपाखरू... नाही, पाखरंच तेवढी! तिथं एका ऐनाच्या झाडाशी पहिल्यांदा गेलो तेव्हा जगू थांबला आणि त्याने हाक घातली, "येऊ का?" मला हसूच फुटलं. "कोणाला विचारतोयस, वेड्या?"

"दुसऱ्याच्या वाडीत शिरताना विचारतोच ना आपण?"

आमच्याकडे रीतच तशी. कुंपणाशी हाक द्यायची, आतून उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. जगू तिथं एखादा पक्षी ओरडेपर्यंत उभा राहायचा. मगच आत. खिशातलं सुकवलेलं केळं, आमची सुकेळी, खाऊन झाली की तिच्यावरचं वाळलेलं केळीचं पानसुद्धा परत खिशात. पुढे पुढे मीही त्या उत्तराची वाट बघायला लागलो होतो.

आणि मग मी शहाण्याने लेख लिहिला! बोरिवलीच्या गर्दीला कंटाळलेल्यांसाठी शांत जागा, रस्त्याच्या खुणांसकट. मथळा ‘येऊ का?’. मोठ्या कौतुकाने जगूला वाचायला दिला. तो एवढंच म्हणाला, "खुणा कशाला दिल्यास?"

पुढच्या महिन्यात गेलो तर पायथ्याशी टेम्पो उभे. ऐनापाशी कॉलेजची पोरं जमलेली. एकजण तोंडाशी हात धरून ओरडला, "येऊऊ का?" बाकीचे एका सुरात, "या, या! बसा! चहा घेणार?" आणि हशा. जगू ऐकत उभा होता. मी म्हटलं, "अरे, गंमत करतायत..." तो वळला आणि डोंगर उतरला.

त्यानंतर दर दिवाळीला मी त्याच्या वाडीच्या फाटकाशी जाऊन हाक घालायचो, "येऊ का?" केळींच्या आडून आवाज यायचा, "नको." भिकाऱ्यालाही दारातून परत न पाठवणारा माणूस! मला संताप यायचा. एका लेखापायी एवढं? आज वाटतं, शिक्षा कमीच होती. त्याच्याकडे ती एकच जागा होती, आणि तीही मी चार लोकांच्या शाबासकीसाठी वाटून टाकली.

तेरावं झाल्यावर गेलो. तेच बांबूचं फाटक. सवयीने हाक गेली, "येऊ का?" वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "या ना, भावोजी. आता नको म्हणायला कोण आहे?"

कडी काढायला माझा हात उचलेना. मी तसाच उभा राहिलो, केळींच्या आडून कोणीतरी नको म्हणेल म्हणून.