सत्तारभाईंचं "अजून नाई"

माझ्या पहिल्या मोठ्या केसमध्ये माझ्याविरुद्ध बोललेला माणूस आज सकाळी गेला.

तो माझाच अशील होता.

चंद्रपूरचे सत्तारभाई. मासेमारीच्या जाळ्यांचे व्यापारी. वय ऐंशीच्या आसपास. नक्की किती, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी नागपुरात कस्टम्सची वकिली करतो. परदेशातून माल मागवणाऱ्यांची बाजू मांडतो. इथल्या अर्ध्या मित्रांना अजून वाटतं की मी एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उघडतो.

सत्तारभाईंशी ओळख मात्र वकिलीच्या फार आधीची.

नागभीडजवळच्या गावात आमचं ढिवराचं घर. बाबा तलावात मासे धरायचे. नवं जाळं लागलं की रेल्वेनं चंद्रपूरला, सत्तारभाईंच्या दुकानात. मी सोबत असलो की ते काउंटरवरून वाकून विचारायचे, "काय रे पोट्ट्या, शाळेत जाते का नुसते मासे खाते?"

मी वकील झालो आणि काही वर्षांनी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा थेट परदेशातून माल मागवला. नायलॉनच्या जाळ्यांचा एक कंटेनर.

तो नागपूरच्या ड्राय पोर्टवर, कंटेनर तपासून सोडतात तिथे, अडकला.

कस्टम्सचं म्हणणं, ही तयार जाळी नाहीत, हे मीटरवर विकायचं जाळीचं कापड आहे. तयार जाळ्याला ड्युटी कमी, कापडाला जास्त. म्हणजे आयातदारानं कागदावर खोटं लिहिलं.

नोटीस मी त्यांना मराठीत समजावून सांगितली. त्यांनी ती घडी करून माझ्याकडे सरकवली.

"ड्युटी मांगत असन त देऊन टाकू बेटा. पण मी खोटं लिवलं म्हणते ना, तेवढं पुसून दे."

पावसाळा संपला होता. पुरानं बंद पडणारा भामरागडचा रस्ता उघडला होता. तिकडचे लोक दुकानात येत होते आणि रिकाम्या हातानं परत जात होते. सत्तारभाई प्रत्येकाला चहा पाजत होते, माफी मागत होते.

हिअरिंगच्या आदल्या दिवशी मी त्यांना समोर बसवून शिकवलं.

"साहेब विचारतील, हे तयार जाळं आहे का. तुम्ही म्हणायचं, हो साहेब. बस. पुढे एक शब्द नाही."

"हाव."

"नक्की?"

"हाव म्हटलं ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेबलावर सॅम्पल पसरलं आणि नेमकं तेच विचारलं. "हे तयार जाळं आहे?"

सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग जाळ्याकडे.

"नाई साहेब. अजून नाई."

माझ्या हातातली फाईल खाली पडली. खरंच पडली.

साहेब पुढे झुकले. "अजून नाही म्हणजे?"

"आमच्याकडे ढिवर लोक हे नेते. वरच्या दोराले फ्लोट बांधते, खालच्या दोराले मातीचे मणी. मग हळद-कुंकू लावते, तलावावर नारळ फोडते, पाण्यात सोडते. तेव्हा ते जाळं. त्याच्या आधी कोणी जाळं म्हणत नाई. तीस साल झाले, मीबी म्हणत नाई."

"मग हे कापडच झालं की!"

"कापड कसं साहेब? कापड कापता येते." त्यांनी जाळ्याची कड साहेबांच्या हातात दिली. "हे पाहा, काठाले दुहेरी सूत हाय. दोर ओवाले. चारी बाजूनं. कापलं का काठ गेला. काठ गेला का दोर कुठी ओवान? कैची आना, कापा. मंग फुकटात वाटून पाहा, ढिवर हात नाई लावन."

साहेबांनी कड बोटांत धरली. एक, मग दुसरी, मग उरलेल्या दोन. सॅम्पलचे बाकीचे नग मागवले. सगळे एकाच मापाचे, सगळ्यांना काठ.

खरं तर हा मुद्दा मी मांडायला हवा होता. बाबांच्या शेजारी बसून त्या काठातून मी कितीदा दोर ओवला होता. वकील झाल्यावर मी फक्त ड्युटीचा टॅरिफ वाचला.

काही दिवसांनी ऑर्डर आली. दोर ओवलेला नसला तरी माप आणि काठ पाहून माल तयार जाळी म्हणून सुटला. त्यात एक ओळ होती: आयातदाराने स्वतःच्या नुकसानीची पर्वा न करता खरे उत्तर दिले, म्हणून त्याच्या पुढच्या सांगण्यावर विश्वास ठेवला.

ती ओळ त्यांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतली. आज दुकानात गेलो होतो. काउंटरच्या काचेखाली अजून आहे, माझ्या त्या वेळच्या वाकड्या अक्षरात.

पण मला आठवत राहतो तो हिअरिंगनंतर त्यांना चंद्रपूरला सोडायला जातानाचा रस्ता.

वरोऱ्याला चहाला थांबलो. मी मान खाली घालून बसलो होतो. नवं जाळं पाण्यात सोडताना हात जोडणाऱ्या माणसाचा मी मुलगा. आणि खरं सांगणाऱ्या माणसाला मी अर्धं बोलून गप्प बसायला शिकवलं होतं.

"सत्तारभाई, काल मी तुम्हाला..."

"चहा पे."

"नाही, पण मी..."

"अरे, मले ते हळद-कुंकू कोनं शिकवलं? तुह्या बापानं! मी एकदा म्हटलं, घ्या भाऊ तुमचं जाळं. त म्हणते, सत्तारभाई, अजून नाई." मग बशीतला चहा भुरकला आणि डोळे मिचकावले. "टेन्शन नको घेऊ. तुह्या बापाले नाई सांगत."

त्यांनी शब्द पाळला. बाबा नंतर कितीदा त्यांच्या दुकानात गेले, तासन्‌तास बसले. त्यांना कधीच कळलं नाही. चार वर्षांपूर्वी बाबा गेले.

आज दुपारी कब्रस्तानात सत्तारभाईंना तीन मुठी माती दिली. मनातल्या मनात आमच्या देवाचं नाव घेतलं. त्यांना चाललं असतं.

तिकडच्या वाटा वेगवेगळ्या असतात म्हणतात. मला नाही तसं वाटत. कुठल्यातरी तलावाच्या पाळीवर बाबा दोर ओवत बसले असतील.

सत्तारभाई, या आता.

आणि बाबांना सांगून टाका.