परबकाकांचा तीव्र निषेध

दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत लिफ्ट बंद पडली की लोक आपापल्या मगदुराप्रमाणे वॉचमनला, कमिटीला नाहीतर नशिबाला शिव्या घालायचे. शेजारचे परबकाका मात्र लिफ्टच्या दारासमोर ताठ उभे राहायचे आणि इंग्रजीत गरजायचे, "धिस इज अनप्रेसिडेंटेड!" म्हणजे असं पूर्वी कधी घडलंच नव्हतं. लिफ्ट आदल्याच दिवशी बंद पडलेली असायची. मी हे लक्षात आणून दिलं तर म्हणाले, "असूं दे रे. शब्द चलनात आणल्याशिवाय आपलो होणा नाय."

काका मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. इंग्रजी त्यांना खोक्यांवरचे पत्ते वाचण्यापुरतं येत होतं आणि त्यावर त्यांचं छान चाललं होतं. अडलं ते नातीपाशी. मुलगी वैशाली कॅनडात, तिची तारा सात वर्षांची, मराठीचा गंध नाही. रविवारी व्हिडिओ कॉल आला की काका "हॅलो, हाऊ आर यू, ओके, बाय" एवढं एका दमात म्हणून फोन काकींच्या हातात द्यायचे. काकी बिनदिक्कत मालवणीत सुरू व्हायच्या आणि ती पोरगी खिदळायची. एका रविवारी कॉल बंद करायचा राहून गेला आणि ताराने आईला विचारलेलं काकांच्या कानावर पडलं, "आजोबांना मी आवडत नाही का?"

एवढं इंग्रजी त्यांना कळलं. दुपारी माझ्या दारात उभे. मी बँकेत, म्हणजे मला इंग्रजी येणारच असा त्यांचा समज. चेहरा पार उतरलेला. "नाताळात येता ती. त्याच्या आधी माका बोलूक व्हया."

मी खालच्या स्पोकन इंग्लिश क्लासचं नाव काढलं. "थंय पोरां हसतली." मोबाईलवरून शिका म्हटलं, तर त्यातल्या बाईचा आवाज त्यांना उर्मट वाटला. त्यांचा भरवसा होता फक्त गावच्या शाळेतल्या हेडमास्तरांवर. ते म्हणायचे, इंग्रजी सुधारायचंय ना, मग इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा. हा सल्ला आपल्याकडे प्रत्येकाला कुणी ना कुणी दिलेला असतो आणि आजवर तो कुणी पाळल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. काकांनी तो म्हातारपणी पाळायला घेतला.

रोज सकाळी गॅलरीत खुर्ची, मांडीवर डिक्शनरी, हातात लाल पेन. अग्रलेखातला सगळ्यात अवघड शब्द निवडायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्याशेजारी लिहायचा आणि दिवस मावळायच्या आत कुणावर तरी चालवायचा. गोराईहून मासे घेऊन येणाऱ्या कोळणीच्या बांगड्याचे कल्ले उघडून ते म्हणाले, "डिप्लोरेबल!" ती पाटी उचलत म्हणाली, "काका, शिवी द्यायची तर मराठीत द्या ना. मला पन परत देता येईल." सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीतल्या गढूळ पाण्याबद्दल त्यांनी 'ग्रेव्ह कन्सर्न' व्यक्त केला, तेव्हा सेक्रेटरीचं धाबंच दणाणलं. "काका, वकील नका आणू यार, उद्याच टाकी धुऊन घेतो!" टाकी खरंच धुतली गेली. काकांचा भाव वधारला. काकी तेवढ्या कपाळावर हात मारायच्या, "पेपरान ह्यांका खुळे करून सोडल्यान!"

मलाही हे सगळं झकास वाटत होतं. यात काही चुकतंय हे माझ्या बँकेतल्या डोक्यात शिरलं नाही.

नाताळात तारा आली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकांनी मला मुद्दाम बोलावलं, अडलं तर असावा म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. पोरीने ताटली हळूच दूर सरकवली. सगळे काकांकडे बघू लागलो. काकांनी घसा साफ केला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "युवर रिफ्यूजल इज अ मॅटर ऑफ ग्रेव्ह कन्सर्न. आय स्ट्राँगली कंडेम इट."

म्हणजे तुझा नकार ही चिंतेची बाब आहे आणि मी त्याचा तीव्र निषेध करतो. पोरगी दचकली, आईच्या मागे लपली. वैशालीला हसू आवरेना आणि तिला हसताना पाहून काका उठून गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेलो. ते पेपरकडे बघत होते. "सगळो निषेध शिकलंय रे," ते म्हणाले. "मायेचो एक शब्द नाय. त्या अग्रलेखात कोण कोणाक जेवलंस काय म्हणून विचारणाच नाय!"

"अहो काका, 'हॅव यू ईटन' म्हणायचं. सोपं आहे."

"ता माका येता. पण ता हॉटेलातलो वेटर पण विचारता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा आपणहून गॅलरीत आली. तिने विचारलं, कंडेम म्हणजे काय? काका विचारात पडले. मग समोर कठड्यावर कावळा ओरडत होता त्याच्याकडे बोट रोखून, डोळे वटारून म्हणाले, "आय कंडेम यू!" कावळा उडाला. तारा टाळ्या पिटायला लागली. तिला तो शब्द जादूचा वाटला.

तिथून दोघांचं जे जमलं ते जमलं. रोज सकाळी आजोबा आणि नात गॅलरीत बसून अख्ख्या दिंडोशीचा निषेध करायचे. डासांचा, कारल्याच्या भाजीचा, बंद लिफ्टचा. पोरगी घावणा खाता खाता, "आजोबा, धिस इज अनप्रेसिडेंटेड!" म्हणायची आणि दुसरा मागून घ्यायची. काकी म्हणायच्या, "आता दोन खुळे झाले!"

पण सुट्टी ती सुट्टीच. निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी राहिली तरी काकांच्या तोंडून शब्द फुटेना. इतक्या दिवसांचे अग्रलेख कुठल्या कुठे गेले होते. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टॅक्सी सुटली आणि गेटपाशी ताराने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. गळा काढून रडत ती ओरडली, "आजोबा, आय स्ट्राँगली कंडेम यू!"

वॉचमन सॅल्यूट ठोकता ठोकता थबकला. गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. टॅक्सी वळून दिसेनाशी झाली तरी काका हात हलवत होते.

काकींनी पदराने डोळे पुसत विचारलं, "काय म्हणाला ओ ता चेडू?"

काकांनी हलवत असलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "म्हणता, आजोबा, वेळेर जेवा."