दिनकरनं बाहेर सांगितलं

दिनकर गेल्याला महिना उलटला. माझा धाकटा भाऊ, सांगलीच्या एका कॉलेजात कम्प्युटर सांभाळायचा. शोकसभेत त्याच्या साहेबानं फोटोला हार घालून सांगितलं, दिनकर सरांनी संस्थेची अब्रू जपली. मला तिथंच थुंकावंसं वाटलं... फोटोकडं बघून गिळलं.

मी चौथीतनं शाळा सोडली. कम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण दिनकरनं एकदा बांधावर बसून सांगितलं ते कळलं. म्हणाला, "दादा, उसात बिबट्या दिसला तर तू काय करतोस?" मी म्हणालो, वस्तीवस्तीवर फोन करतो, गड्या. "मग आमी बी तेच करतो." सातारा-सांगलीच्या कॉलेजांतली कम्प्युटरवाली माणसं त्यानं फोनवरच्या एका ग्रुपात गोळा केली होती. एकाला चोरट्यांचा फसवा ईमेल आला, की बाकीच्यांनी सावध व्हायचं. मग त्याच्याच कॉलेजात चोरटे घुसले. पोरांचे निकाल, संशोधनाची कामं, सगळ्याला कुलूप घालून पैसे मागायला लागले. ऐन प्रवेशाचे दिवस. साहेबानं बजावलं, बाहेर शब्द जाता कामा नये. दिनकरनं त्याच दुपारी सगळ्यांना कळवलं. साताऱ्याच्या एका कॉलेजात तसलाच ईमेल येऊन पडला होता, तिथल्या मॅडमनी तो उघडायच्या आत पुसला. त्यांचं वाचलं. दिनकरला मात्र बदनामी केली म्हणून नोटीस, आणि स्टोअरमध्ये खडूचे खोके सांभाळायला बसवलं. शिकलेली माणसं म्हणे. आमच्याकडं बिबट्या लपवणाऱ्याच्या दारात कुणी उभं राहत नाही. वैतागून मी म्हणालो, माफी माग आणि मोकळा हो. तर म्हणाला, "कशाची मागू, ते तरी सांग." त्या खोक्यांतच त्याचं हृदय बंद पडलं...

शोकसभेनंतर साहेबानं घरी माणूस धाडला. सरांचा फोन पाहिजे. बाकीच्या कॉलेजांचे इशारे त्याच नंबरावर येतात, संस्थेचं दुसरं कुणी त्या ग्रुपात नाही. ज्याच्यापायी नोटीस दिली, तेच मागायला आले होते. किळस आली मला. भावजय, शालन, माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणालो, "आलंय ते ह्याला वाचून दाखव. फोन द्यायचा न्हाई." तिनं वाचलं, त्यानं मान खाली घालून लिहून घेतलं, चहा न घेताच गेला.

आता फोन भिंतीतल्या देवळीत चार्जिंगला असतो. वाजला की शालन वाचते आणि साहेबाच्या हापिसात कळवते. सुरुवात दरवेळी एकच, "दिनकर सरांच्या घरनं बोलतीय..."  पलीकडं गुमान लिहून घेतात.