प्लग बदलायची वेळ

आमची पिकअप माझ्या नावावर आहे, पण चालवते धाकट्या भावाची बायको. मागच्या वर्षी भावाचा खांदा निखळला, तेव्हापासून स्टिअरिंग तिच्याकडं आलं. वैजापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा आणि गारखेड्यातल्या दुकानांवर टाकायचा, हे त्या दोघांचं काम. गाडीची देखभाल माझ्याकडं. कारखान्यात माझं आयुष्य मोजमाप करण्यात गेलं, त्यामुळं ऑइल कधी, फिल्टर कधी, प्लग कधी, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. प्लग चाळीस हजार किलोमीटरला, असं गाडीसोबतच्या पुस्तकात होतं. गाडी सव्वीस हजारांवर होती.

आमच्या घरात भावजय मोठ्या दिरांशी थेट बोलत नाही. पदर वगैरे आता राहिला नाही, चहा तीच आणून देते, पण काही सांगायचं असेल तर माझ्या बायकोमार्फत. ही पद्धत मी घालून दिलेली नाही. मात्र ती मला आवडत होती, हे कबूल केलं पाहिजे.

दिवाळीनंतर बायकोनं सांगितलं की गाडी चढावर धक्के देते. मी जाऊन किलोमीटर पाहिले आणि प्लगला अजून बराच अवकाश आहे असं सांगितलं. आठवड्यानं तीच तक्रार पुन्हा आली. त्या दिवशी भावजयीचे वडील वैजापूरहून आलेले होते. आम्ही सगळे भावाकडं जेवायला बसलो होतो आणि ती वाढत होती. मी सर्वांदेखत म्हणालो, "गाडीला काही झालेलं नाही. पाय क्लचवर ठेवून चालवलं की गाडी धक्के देणारच."

भाऊ ताटात बघत राहिला. तिचे वडील मात्र ओशाळले. ते लेकीकडं वळून म्हणाले, "दादा म्हणतेत तसं ऐक बाई. गाडी त्यांची हाय." ती मला भाकरी वाढून आत गेली.

मग मी आणखी पुढं गेलो. पुढच्या सोमवारपासून ओळखीचा एक ड्रायव्हर ठेवू, तिचा पाय सुधारला की बघू, असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या टेबलावर होती. बायकोनं आणून ठेवली होती.

रविवारी गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात देण्याआधी सीएनजी गॅस भरून आणावा म्हणून मी स्वतः निघालो. मागं थोडा माल होता. पुलाच्या चढावर गाडीनं हिसका दिला, मग दुसरा. मी खाली पाहिलं. माझा डावा पाय क्लचपासून वीतभर लांब होता. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेतली, तर गुपचूप चढली. परत गॅसवर टाकली आणि हिसके सुरू झाले.

घरी येऊन अंगणात चारही प्लग काढले. टोकाजवळची फट पातळ पट्ट्यांच्या मापानं मोजली. असायला हवी त्याच्या जवळजवळ दीडपट भरली. गॅस पेटायला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यात फट वाढली की चढावर ती चुकते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकातला आकडा पेट्रोलचा होता आणि आमची गाडी जवळजवळ सगळी गॅसवर. शिवाय पंपावरच्या रांगेत ती तास तास चालू ठेवून इंचाइंचानं पुढं घ्यावी लागते. त्या वेळेचे किलोमीटर पडत नाहीत. मी फक्त किलोमीटर मोजत बसलो होतो.

बायकोला विचारलं, पेट्रोलवर धक्के बसत नाहीत हे ती कधी म्हणाली होती का?

"पहिल्याच दिवशी म्हणाली होती," बायको म्हणाली. "मी धक्क्यांचं सांगितलं आणि तुम्ही लगेच किलोमीटर बघायला गेलात. पुढचं ऐकायला थांबलात कुठं? नंतर तीच म्हणाली, जाऊ द्या, दादांना चुकलं म्हणून कोण सांगणार."

नवे प्लग बसवले, ड्रायव्हरला नको म्हणून कळवलं आणि किल्ली घेऊन मी भावाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिथं मी कधी गेलो नव्हतो. ती कणीक मळत होती, मला पाहून उठून उभी राहिली.

"प्लग गेले होते," मी म्हणालो. "तुझा पाय बरोबर होता. माझं चुकलं."

तिनं माझ्या मागं उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं पाहिलं. "जाऊबाई, त्यांना म्हणावं, हे माझ्या बाबांना सांगा."

मी तिथंच उभ्यानं त्यांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. पलीकडं ते जरा हसले. "असू द्या पाव्हणं. पोरीचंच काय तरी चुकलं असंल. तुमी मोठं मन करून पांघरूण घालायलेत." मी पुन्हा सांगितलं, फट मोजली, स्वतः चालवून पाहिली. "व्हय व्हय," ते म्हणाले, "तुमचा मोठेपणा हाय." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते माझेच आभार मानू लागले.

फोन बंद झाला. जेवणावर बोललेलं एक वाक्य त्यांनी लगेच खरं मानलं होतं, आणि आता माझं खरं बोलणं चांगुलपणाच्या खात्यात जमा होत होतं. तिच्याकडं बघायची मला हिंमत होईना.

तिनं कणकेचे हात धुतले, पुसले आणि माझ्या हातातून किल्ली घेतली.

"दादा, जुने प्लग फेकले का?"

नाही, म्हणालो.

"द्या मग. आणि एक नवापण द्या. उद्या यार्डात जायचंच आहे, बाबांपुढं शेजारी शेजारी ठेवते."

मी ते आणि जादाचा आणलेला एक नवा प्लग कागदात बांधून आणून दिले. फट मोजायची पट्टीही सोबत घातली आणि ती कशी सरकवायची ते दाखवलं. तिनं एकदा करून पाहिलं. सकाळी गाडी गेटबाहेर पडताना पुडकं समोर काचेपाशी ठेवलेलं दिसलं. सोबत येऊ का, असं मी विचारणार होतो. पण विचारलं नाही. मी तिच्या शेजारी बसून गेलो असतो, तर तिच्या वडलांनी पुन्हा माझाच मोठेपणा पाहिला असता.